घरी बांधलेल्या लँड यॉटचा पुढचा चिमटा कशाचा करायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लँड यॉट म्हणजे शिडाच्या जोरावर पळणारी तीनचाकी. इंजिन नाही, ब्रेक बहुधा नाही, चालक जमिनीला जवळजवळ टेकून रेललेला आणि स्टिअरिंग पायांनी, पुढच्या एकाच चाकाला. बेल्जियम, उत्तर फ्रान्स, इंग्लंड, न्यूझीलंड इथला हा जुना खेळ आपल्याकडे बहुतेकांनी व्हिडिओतच पाहिलाय. तरी बांधायला घेणारे निघतात, आणि त्यांचं गाडं चिमट्यापाशी, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या भागापाशी, येऊन अडतं.

खालचे आकडे एका नमुन्याच्या छोट्या गाडीचे आहेत: चालकासह वजन १२० किलो, ४.००-८ मापाचे टायर, चाकाची त्रिज्या २०० मिमी, आसापासून चिमट्याच्या माथ्यापर्यंत २३० मिमी. तुमची गाडी जड असेल तर आकडे त्या प्रमाणात वाढवा. भागांची नावं अशी वापरली आहेत: सांगाड्याच्या नळीत फिरतो तो दांडा, त्याच्या खालची प्लेट म्हणजे माथा, त्याखाली दोन पाय, आणि पायांमध्ये चाकाचा आस.

१. सायकलच्या चिमट्यापेक्षा यावर वेगळा असा कसला भार येतो?

आडवा. सायकलस्वार वळताना कलतो, त्यामुळे जमिनीचा जोर चाकाच्या पातळीतच राहतो आणि चिमटा पुढे-मागे वाकतो. तीनचाकी कलत नाही. वारा शिडाला बाजूला ढकलतो, टायर जमीन धरून ठेवतात आणि त्या ओढाताणीत चिमटा डावी-उजवीकडे वाकतो.

हिशेब करून पाहू. एकूण वजनाचा चौथा हिस्सा, म्हणजे ३० किलो, पुढच्या चाकावर असतो. झोत आला की शिडाचा जोर उंचावर लागतो, नाक दबतं आणि पुढचा भार ५० किलोपर्यंत सहज जातो. घट्ट ओल्या वाळूवर टायर सरकण्याआधी त्याच्या सत्तर टक्के आडवा जोर धरतं असं मानू. हे झाले ३५ किलो, म्हणजे सुमारे ३५० न्यूटन. हा जोर जमिनीपाशी लागतो आणि माथा तिथून ४३० मिमी वर आहे. म्हणजे दांड्याच्या बुडाशी १५० न्यूटन-मीटरचा वाक येतो. चाक एखाद्या चाकोरीत किंवा खड्ड्याच्या काठाला आडवं आदळलं तर त्याला सरकायला जागाच नसते. त्यासाठी दुप्पट धरा: ३०० न्यूटन-मीटर.

शिवाय गाडीने दिशा बदलली की वाक उलटा होतो. डावा, उजवा, डावा, उजवा असा दिवसभर. एका झटक्यात न तुटणारा धातूही अशा उलटसुलट वाकण्याने थकतो. म्हणून घरगुती चिमटा जातो तो बहुधा एकाच ठिकाणी: दांडा माथ्याला जिथे वेल्ड केलाय तिथे. माल निवडताना डोळ्यांसमोर ही जागा ठेवा, पाय नंतर.

२. एवढं नको. सरळ सांगा, काय विकत आणू?

दांड्याला साधा एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं पोलाद) पाइप, बाहेरून ३२ ते ३४ मिमी, जाडी ३ मिमीच्या आसपास. पायांना ४०×२० ची आयताकृती नळी, २ मिमी जाडीची. माथ्याला ८ मिमीची प्लेट. आसाला ८.८ ग्रेडचा १२ मिमी बोल्ट. यात महाग काही नाही आणि कोणत्याही तालुक्याच्या गावी फॅब्रिकेशनवाल्याकडे हे जोडून मिळतं.

साधं पोलाद निवडण्यामागचं खरं कारण मात्र किंमत नाही. ते तुटण्याआधी वाकतं. चाक तिरकं दिसायला लागलं, पायाला स्टिअरिंग वेगळं लागलं की तुम्ही शीड सोडून थांबता. ताशी ५० किलोमीटरने जाताना पुढचं चाक निखळणं आणि चाक थोडं वाकडं होणं यातला फरक तुमच्या गुडघ्यांना विचारा, कारण सगळ्यात पुढे तेच असतात.

३. जुन्या सायकलचा चिमटा लावला तर चालणार नाही का?

लहान मुलाच्या गाडीला, हलक्या वाऱ्यात चालेल. मोठ्या माणसाला नाही.

जुन्या काळ्या सायकलच्या चिमट्याचा दांडा एक इंची, म्हणजे २५.४ मिमी. भिंत २ मिमी धरली तरी नेहमीच्या १५० न्यूटन-मीटरला त्यात १९० मेगापास्कलच्या आसपास ताण येतो. साधं पोलाद २५० ला कायमचं वाकतं. चाकोरीतला दुप्पट झटका बसला की हिशेब संपला. बीएमएक्सचा चांगल्या पोलादाचा चिमटा, २८.६ मिमी दांड्याचा, बराच बरा. पण तोही पुढून येणाऱ्या धक्क्यासाठी बांधलेला असतो आणि त्याच्या पायांमध्ये ४.०० चा रुंद टायर मावत नाही. पाय फाकवून बसवणं हा प्रकार नकोच.

आऱ्यांच्या सायकल-चाकाचं दुखणं वेगळं आहे, ते प्रश्न १७ मध्ये.

४. दुकानात 'एक इंची पाइप' मागितला तर तो सव्वा इंचापेक्षा जाड निघाला. फसवलं का?

नाही. पाण्याच्या पाइपचं माप आतल्या भोकाच्या नावाने चालतं. 'एक इंची' किंवा २५ एनबी पाइप बाहेरून ३३.७ मिमी असतो. फर्निचरवाल्याची 'एक इंची नळी' मात्र बाहेरून खरोखर २५.४ असते. दोघं आपापल्या जागी बरोबर, गोंधळ आपला. व्हर्नियर घेऊन जा आणि बाहेरचं माप नि भिंतीची जाडी मोजूनच पैसे द्या.

२५ एनबी मध्यम वर्गाच्या पाइपची भिंत ३.२ मिमी, त्यावर निळा पट्टा. जड वर्गाची ४ मिमी, त्यावर लाल. दुकानात त्यांना बी-क्लास आणि सी-क्लास म्हणतात. आपल्या गाडीला बी-क्लास पुरतो: नेहमीच्या भारात ताण ७० मेगापास्कल, झटक्यात १४०. सी-क्लासने वजन बावीस टक्के वाढतं आणि ताकद फक्त सोळा टक्के, कारण जादा धातू आतल्या बाजूला जातो, जिथे त्याचा वाकण्याला उपयोग कमी. पिवळ्या पट्ट्याचा ए-क्लास दांड्याला घेऊ नका.

नळीच्या आत हात लावून शिवण जाणवते का बघा. शिवण असणं वाईट नाही, पण ती चिमट्यात पुढे किंवा मागे ठेवा. डाव्या-उजव्या बाजूला ठेवलीत तर सगळ्यात मोठा ताण नेमका तिच्यावर येईल.

५. नळीऐवजी भरीव सळई घेतली तर जास्त मजबूत होईल ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. २५ मिमी भरीव सळईचं वजन मीटरला ३.८५ किलो. ३२ मिमी बाहेरची, ३ मिमी भिंतीची नळी मीटरला २.१५ किलो, आणि वाकण्याला ती या सळईपेक्षा अठरा टक्के जास्त ताकदवान. वाकताना काम करतो तो बाहेरच्या कडेचा धातू. मधला नुसता सोबतीला असतो.

पायांचंही तेच. बरेच जण ४०×६ ची पट्टी लावतात, कारण ती बाजूने पाहिली तर रुंद, दणकट दिसते. पण आडव्या भाराला तिची फक्त ६ मिमी जाडी उपयोगी पडते. ४०×२०×२ ची आयताकृती नळी वजनाला पट्टीहून थोडी हलकीच आणि आडव्या वाकाला सुमारे सहापट मजबूत. पट्टीचे पाय करायचेच असतील तर बाहेरून उभी बरगडी जोडा. मग नळीच का घेतली नाही, हा प्रश्न राहतोच.

६. मी परदेशात राहतो. इथे ४१३० क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम घातलेलं पोलाद) नळी सहज मिळते. तीच घेऊ का?

मिळत असेल तर घ्या, पण कशासाठी घेताय ते माहीत असू द्या. तिची वाकण्याची मर्यादा साध्या पोलादाच्या दीडपटीहून जास्त, ४३५ मेगापास्कलच्या पुढे आहे. त्यामुळे भिंत पातळ ठेवून वजन वाचतं. कडकपणा मात्र वाढत नाही. पोलाद साधं असो की महागडं, लवचिकतेचा आकडा २०० गिगापास्कलच्या जवळपासच राहतो. 'स्टिअरिंग लुळं वाटतं म्हणून क्रोमोली लावली' असं लिहिणाऱ्यांनी भिंतही पातळ केली असेल तर स्टिअरिंग आणखीच लुळं झालेलं असणार. कडकपणा हवा तर व्यास वाढवा.

स्पर्धेत उतरायचं असेल तर आधी वर्गाचे नियम वाचा. ब्लोकार्टसारख्या एकाच नमुन्याच्या वर्गात घरी केलेला चिमटा चालत नाही.

भारतात असाल आणि दुकानदार 'क्रोमोली नाही, ईएन ८ देतो, ईएन २४ देतो' म्हणाला तर पोलादाचे हे प्रकार दांड्याला नकोत. ते लेथवर आस करायला उत्तम. वेल्ड करायला कटकटीचे. आधी तापवून, सावकाश थंड करून केलं नाही तर वेल्डच्या कडेला ठिसूळ पट्टा तयार होतो.

७. ॲल्युमिनियम हलकं असतं. विमानं त्याची असतात, मग चिमटा का नको?

विमानाचं ॲल्युमिनियम आणि तुमच्या गल्लीतल्या खिडकीवाल्याचं ॲल्युमिनियम यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. स्लायडिंग खिडक्यांचे सेक्शन बहुधा ६०६३ चे असतात. दिसायला देखणे, पण साध्या पोलादापेक्षा बरेच मऊ. चिमट्याला विचार करायचाच तर ६०६१-टी६ चा. कागदावर त्याची मर्यादा २७५ मेगापास्कलच्या घरात, साध्या पोलादापेक्षा थोडी वर, आणि वजन एक तृतीयांश.

अडचण वेल्डिंगनंतर सुरू होते. टी६ ही ताकद भट्टीतल्या उष्ण प्रक्रियेने आलेली असते. वेल्डच्या उष्णतेने जोडाच्या आजूबाजूचा पट्टा पुन्हा मऊ पडतो आणि ताकद निम्म्याहून खाली येते. हा पट्टा येतो कुठे? माथ्यापाशी, जिथे सगळा वाक जमा होतो. पूर्ण चिमटा पुन्हा भट्टीत घालून घेतला तर ताकद परत येते. सायकल कारखाने तेच करतात. घरगुती कामात ते होत नाही.

दुसरी गोष्ट थकव्याची. पोलादावर ताण एका पातळीखाली ठेवला तर ते कितीही वेळा वाकवा, टिकतं. ॲल्युमिनियमला अशी सुरक्षित पातळी नाही. प्रत्येक वाक खात्यातून थोडं थोडं वजा करतो. आणि कडकपणा पोलादाच्या एक तृतीयांश, म्हणजे नळी बरीच जाड घ्यावी लागते.

वेल्ड न करता, ॲल्युमिनियमची जाड प्लेट कातून माथा केला आणि पाय बोल्टने आवळले, दांडा पोलादाचाच ठेवला, तर मात्र ही चांगली रचना होते. लेथ-मिलिंगची सोय असेल त्यांनी करावी. पोलाद आणि ॲल्युमिनियम जिथे एकमेकांना टेकतात तिथे ग्रीस किंवा प्रायमर हवाच. खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम आधी खातं.

८. समुद्रावर चालवणार, म्हणून स्टेनलेस घेतलं तर गंजाची काळजीच मिटेल?

रेलिंगवाल्याकडे मिळणारा चकचकीत पाइप पुष्कळदा २०२ ग्रेडचा असतो आणि खाऱ्या हवेत त्यावर तांबूस डाग पडतात. लोहचुंबक लावून २०२ आणि ३०४ मधला फरक कळत नाही, त्यामुळे ती परीक्षा विसरा आणि बिलावर ग्रेड लिहून घ्या. ३०४ बरं, ३१६ त्याहून बरं, कारण त्यात मॉलिब्डेनम असतं. पण बुशच्या आत, वॉशरच्या खाली, जिथे खारं पाणी अडकून राहतं आणि हवा पोचत नाही, तिथे स्टेनलेसही खड्डे पडून खातं, आणि ते दिसत नाही.

ताकदीला ३०४ साध्या पोलादाच्या जवळपास, थोडं खालीच. शिवाय रेलिंगचा पाइप पातळ असतो. ३ मिमी भिंतीचा ३०४ मिळाला आणि आर्गन वेल्डिंगवाला चांगला असला तर जरूर करा. नाहीतर साधं पोलाद, चांगला रंग आणि प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुणं.

९. लाकडाचा चिमटा? बैलगाडी तर बाभळीवरच चालली.

बाभूळ चिवट आहे, धक्का खाते, हे खरंच. आणि लाकूड या खेळाला परकं नाही: १६०० च्या सुमारास सायमन स्टेव्हिनने नेदरलँड्समध्ये श्वेवेनिंगेनच्या किनाऱ्यावर पळवलेली शिडाची गाडी लाकडाचीच होती, आणि १८९८ मध्ये बेल्जियमच्या डे पाने इथे द्युमाँ बंधूंनी हा खेळ रुजवला तोही लाकडी गाड्यांवर. आजही मागचा आडवा आस लाकडाच्या थरांचा करतात; तो थोडा लवतो आणि धक्के गिळतो.

चिमट्यात लाकूड हरतं ते जोडापाशी. दांडा धातूचाच लागतो, तो लाकडी माथ्यात घट्ट बसवायचा म्हणजे बोल्टची भोकं आली, आणि उलटसुलट वाकण्यात भोकं रुंदावतात. त्यात ओल, ऊन, पुन्हा ओल. सांगाडा सागवानाचा करा, बसायची जागा प्लायची करा, चिमटा पोलादाचा. बांबूचंही हेच, आधी भोकापाशी फाटतो.

१०. पीव्हीसी पाइपमध्ये सिमेंट किंवा सळई भरून?

नको.

११. विक्रम करणाऱ्या गाड्या कार्बन फायबरच्या असतात. मी घरी कार्बनचा चिमटा बनवू शकतो का?

ग्रीनबर्डने २६ मार्च २००९ रोजी अमेरिकेतल्या इव्हानपा या कोरड्या तलावावर ताशी २०२.९ किलोमीटरचा वेग गाठला. ११ डिसेंबर २०२२ रोजी न्यूझीलंडच्या होरोनुकूने ऑस्ट्रेलियातल्या लेक गेर्डनरवर तो २२२.४ वर नेला. अशा गाड्यांमागे थर कोणत्या दिशेने किती घालायचे याचा हिशेब करणारी माणसं असतात, आणि पृष्ठभाग मैलोन्‌मैल सपाट असतो.

घरी कार्बनचं कापड आणि इपॉक्सी लावून पाय बनतातही. पण नळीच्या टोकाशी, जिथे आस आणि माथा धातूचे जोडावे लागतात, तिथे सगळं कौशल्य लागतं. आतला थर सुटला तर बाहेरून दिसत नाही, आणि कार्बन वाकून इशारा देत नाही. ॲल्युमिनियमचा भाग थेट कार्बनला चिकटवला तर खाऱ्या ओलीत ॲल्युमिनियम झपाट्याने खातं. मध्ये काचतंतूचा थर घालतात. कार्बन वापरायची हौस असेल तर डोलकाठीपासून सुरुवात करा. ती मोडली तर शीड पडेल, तुम्ही नाही.

१२. स्कूटरसारखा एका पायाचा चिमटा केला तर पंक्चर काढणं सोपं जाईल. चालेल?

चालेल, आणि आपल्याकडे त्याला सोयीचं कारणही आहे. ४.००-८ हे आपल्या तीनचाकी रिक्षाच्या टायरचंच माप. टायर, ट्यूब कुठल्याही गावात मिळतात आणि रिक्षाचं पुढचं चाकही एकाच बाजूने धरलेलं असतं. तरी रिक्षाचा अख्खा पुढचा भाग उचलून लावू नका. तो कित्येक पट वजनाच्या गाडीचा आहे आणि आपली गाडी त्याच्या वजनानेच मंदावेल.

एका पायात आसाचं काम पूर्ण बदलतं. तो एका टोकाला धरलेला, दुसऱ्या टोकाला मोकळा. आडव्या जोराचा वाक आणि ६० मिमी लांब लटकलेल्या चाकाच्या धक्क्याचा वाक एकत्र आले तर १६० न्यूटन-मीटरपर्यंत जातात. २० मिमी आसात त्याने २०० मेगापास्कल ताण येतो, १६ मिमीमध्ये ४०० आणि १२ मिमीमध्ये ९४० च्या वर. म्हणजे इथे ईएन ८ चा २० मिमी आस, आणि तो पायात वेल्ड न करता, खांदा ठेवून, मागून नटने आवळलेला. पायही जास्त जाड: ५०×५० ची ३ मिमी नळी.

१३. दोन पायांच्या चिमट्याला मग १२ मिमी बोल्ट कसा पुरतो?

कारण दोन्ही पाय, दोन बाजूंचे स्पेसर आणि बेअरिंगच्या आतल्या कड्या बोल्टने एकत्र आवळल्या की ती चौकट होते आणि भार वाटला जातो. अट एकच, नट घट्ट हवा. नट ढिला झाला की चौकट मोडते, प्रत्येक पाय एकटा पडतो आणि त्याच्यावरचा वाक जवळपास दुप्पट होतो. म्हणून नायलॉक नट, म्हणजे आतल्या नायलॉनच्या कड्यामुळे सहज ढिला न होणारा. स्पेसर मोजून लेथवर कापलेला, वॉशरांची चळत नको. सळईला आटे पाडून केलेला बोल्ट तर नकोच, ८.८ हा आकडा बोल्टच्या डोक्यावर कोरलेला दिसला पाहिजे.

१४. दांडा फिरायला बेअरिंग घालू की बुश?

बुश. दांडा फार तर वीस-तीस अंश फिरतो, गरगर नाही, आणि वाळू-मिठात उघडं बेअरिंग लवकर खरखरतं.

यात एक सापळा आहे. बॉल बेअरिंग ३० आणि ३५ मिमी भोकाचं मिळतं. आपला पाइप ३३.७. मग लेथवाला म्हणतो, 'घासून तीसचा करतो.' बी-क्लासचा पाइप घासून ३० केला तर भिंत १.३५ मिमी उरते आणि ताकद चाळीस टक्क्यांच्या खाली जाते, तीही खालच्या बेअरिंगपाशी, म्हणजे माथ्याच्या डोक्यावर. पाइपला हात न लावता बाहेरच्या नळीत डेलरिनचे (एक कठीण प्लास्टिक) बुश पाइपच्या मापाला कातून बसवा. नायलॉन स्वस्त, पण पाणी पिऊन फुगतं आणि स्टिअरिंग जड होतं. गनमेटलही चांगलं. दोन बुशांमध्ये किमान १५० मिमी अंतर, २०० असेल तर उत्तम. जवळ-जवळ ठेवले तर थोडीशी झीज चाकापाशी मोठी डगमग होऊन दिसते. वजन पेलायला खाली एक मोठा सपाट वॉशर, त्याच मालाचा.

१५. वेल्डिंग कोणतं करून घेऊ? माझ्याकडे जीआय पाइप पडलाय, तो वापरू?

सीओटू वेल्डिंग मिळालं तर ते. आर्कवाला हातचा असेल तर तोही ३ मिमी भिंतीवर नीट करतो. ७०१८ रॉड कोरडा, गरम केलेला असेल तर तो ६०१३ पेक्षा चिवट जोड देतो. पातळ क्रोमोलीला आर्गन. जुन्या सायकलवाल्यांची पितळी जोडणीही वाईट नाही, पण त्यासाठी बाहेरून कडं लागतं. नुसत्या टोकाला टोक लावून पितळ भरू नका.

रॉडपेक्षा रचनेने जास्त फरक पडतो. माथ्याच्या प्लेटला भोक पाडून दांडा आरपार घाला आणि वरून-खालून दोन्हीकडे वेल्ड करा. दांड्याच्या आत, बुडाशी, घट्ट बसणारी १०० मिमी लांब नळी घाला आणि तिचं वरचं टोक तिरकं कापा. सरळ कापलं तर जोर एका रेषेवर थांबतो आणि पाइप तिथे तडकतो. त्रिकोणी पट्ट्या लावायच्या तर त्यांची टोकंही निमुळती. चिमट्याला चारही बाजूंनी जाड पट्ट्या ठोकून 'भक्कम' केलेले फोटो येतात. त्यातले काही पट्ट्या संपतात तिथेच तडकलेले असतात.

जीआय पाइपचा जस्ताचा थर जोडापासून किमान ५० मिमीपर्यंत पूर्ण घासून काढा, आतूनसुद्धा, आणि मोकळ्या हवेत काम करा. जस्ताच्या पांढऱ्या धुराने संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. आतून घासणं जमत नसेल तर जीआय सोडा आणि काळा पाइप आणा.

१६. रंग दिला की पुरे ना?

बाहेरून पुरे. आतून नाही. बंद नळीत वेल्डच्या बारीक भोकातून खारं पाणी शिरतं आणि सुकत नाही. पायांच्या तळाशी ६ मिमीचं भोक ठेवा, आत जवसाचं तेल ओतून फिरवा आणि निथळू द्या. ते सुकून पापुद्रा धरतं. पोलादी नळीच्या विमान-सांगाड्यांतही हीच युक्ती वापरत. भोक आसाच्या किंवा माथ्याच्या जवळ पाडू नका.

१७. मऊ वाळूसाठी २६ इंची सायकलचं चाक लावलं तर माल बदलावा लागेल?

बदलावा लागेल, आणि आधी चाकच नाही म्हणेल. सायकलच्या आऱ्या चाकाच्या पातळीतला भार पेलतात. आडव्या जोराला चाक पापडासारखं पिळतं. मोठ्या लँड यॉटना मोठी चाकं असतात, पण त्यांचे हब रुंद आणि चाकं भक्कम असतात, मोटरसायकल वळणाची.

चाकाची त्रिज्या ३३० झाली की माथा जमिनीपासून ७०० मिमीपर्यंत वर जातो आणि दांड्यावरचा वाक १५० वरून २४५ न्यूटन-मीटर होतो. बी-क्लास पाइप झटक्याला अजूनही तग धरेल, पण ताण २३० मेगापास्कलपर्यंत, म्हणजे काठावर. तिथे ४० मिमीच्या पुढचा दांडा घ्या. मऊ वाळूवर इलाज मोठं चाक नाही, रुंद टायर आणि कमी हवा हा आहे.

१८. मी डांबरी मैदानावर चालवणार. तिथे तर पृष्ठभाग सपाट, मग हलका चिमटा चालेल?

उलट. वाळूवर टायर घसरतं आणि त्यामुळे चिमट्यावरचा भार आपोआप आटोक्यात राहतो. कोरड्या डांबरावर पकड जास्त, घसरण उशिरा, म्हणून आडवा भार वाढतो. गंज नाही आणि चाकोऱ्या नाहीत एवढाच फायदा. माल तोच ठेवा.

१९. चाकाला मागे किती ओढ द्यायची? त्याचा मालाशी काही संबंध आहे का?

दांड्याची रेषा जमिनीला जिथे टेकते त्याच्या मागे टायर ४० ते ५० मिमी टेकलं की चाक आपोआप सरळ होतं. शून्य ठेवलं तर वेगात थरथरतं. जास्त ठेवलं तर पाय दुखतात: ३५० न्यूटन गुणिले ५० मिमी म्हणजे साडेसतरा न्यूटन-मीटर तुम्ही सतत पायाने धरून ठेवता. हा पीळ दांड्याला जाणवतही नाही, पण स्टिअरिंगची काडी जिथे दांड्याला जोडली आहे त्या छोट्या वेल्डला जाणवतो. तिथे क्लॅम्प आणि आरपार बोल्ट लावा. भोक दांड्याच्या वरच्या टोकाला, बुशच्या वर. खाली कधीच नाही.

२०. चिमटा तयार झाला. चालवण्याआधी तपासायचा कसा?

दांडा टेबलाला दोन ठिकाणी आडवा आवळा, चाक जमिनीला समांतर, आणि चाकाच्या दूरच्या कडेला ७० किलो वजन टांगा. हा प्रश्न १ मधला दुप्पट भार झाला. खाली पाय ठेवू नका. आधी दोऱ्याने चाकाची जागा मोजून ठेवा, वजन उतरवल्यावर पुन्हा मोजा. जागेवर परत आलं तर ठीक. दोन-तीन मिलिमीटर खाली राहिलं तर काहीतरी कायमचं वाकलंय, ते शोधा. मग चिमटा उलटा करून दुसऱ्या बाजूनेही हेच.

तडे शोधायला वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात तीन डब्यांचा संच मिळतो: साफ करायचं, लाल रंगाचं आणि पांढरं. पांढऱ्यावर लाल रेघ उमटली तर तडा. मोसम सुरू होताना आणि प्रत्येक मोठ्या आदळण्यानंतर, माथ्याच्या वेल्डला.

२१. वाकलेला चिमटा गरम करून सरळ केला तर?

पाय वाकले असतील तर ते कापून नवे लावा, शंभर-दोनशे रुपयांची नळी आहे. दांडा वाकला असेल तर सबंध चिमटा भंगारात. सरळ केलेला दांडा बाहेरून नव्यासारखा दिसतो, पण वेल्डच्या कडेला जो ताणला गेलाय तो धातू तसाच ताणलेला राहतो.

२२. हे सगळं करून चालवायचं कुठे?

चौपाटीवर वाहन नेण्यास अनेक ठिकाणी बंदी असते. शिडाच्या गाडीला इंजिन नाही म्हणून ती वाहनच नाही, असा वाद हवालदाराशी घालण्यात दिवस घालवू नका. ग्रामपंचायत आणि पोलीस ठाणे, दोन्हीकडे आधी विचारा, लेखी घ्या. ओहोटीची वेळ, ओली घट्ट वाळू, माणसं नसलेला पट्टा. पर्यटकांच्या गर्दीत ब्रेक नसलेली गाडी नेऊ नये, मग चिमटा कितीही चांगला असो.